बेळगोळ, कुणी नाही

सातव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य ओदिलने वाचून संपवलं आणि विशालाक्षीने हात वर केला.

ओदिलने चष्म्यावरून एकदा पाहिलं, त्या ओळीपाशी पेन्सिलीने बारीक फुली मारली आणि पुढे वाचायला लागली. नियम तिचाच होता. ऐकणाऱ्याला कुठे खोटं वाटलं तर त्याने नुसता हात वर करायचा. काय खोटं आणि का, ते परिच्छेद संपल्यावर. दुसरं वाक्य झालं, विशालाक्षीचा हात वरच. तिसरं झालं, तरी हात खाली येईना.

"हात दुखेल तुमचा," ओदिल म्हणाली आणि तिने कागद मांडीवर ठेवले. बारा वर्षांत परिच्छेदाच्या मध्येच ती कधी थांबली नव्हती.

सकाळचे दहा वाजले होते. कुवेंपुनगरातल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत दोघीच होत्या. बाहेर व्हरांड्यात विशालाक्षीचे यजमान तिरुमलराव पेपर वाचत बसले होते. त्यांना फ्रेंचचं अक्षर कळत नसे, पण बायकोचा आवाज कळत असे. त्यांनी पेपराची घडी घातली आणि ते आत, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन थांबले.

सांगायचं वाक्य विशालाक्षीने आठ दिवस मनात घोटलं होतं. आयुष्यभर शाळेत फ्रेंच शिकवलेल्या बाईला एका वाक्याला आठ दिवस लागावेत, याचं तिचं तिलाच हसू येत होतं.

"पावनी आणि सुमित्रा या दोन बायका नाहीत," ती म्हणाली. "एकच आहे."

पेन्सिलीचं टोक मोडलेलं नाही ना, हे ओदिलने बोटाने चाचपून पाहिलं.

ओदिल ब्रेसाक हे नाव म्हैसूरात चार-दोन माणसांना ठाऊक होतं. तिच्या देशात मात्र पुस्तकं असलेल्या घरात तिचं एखादं तरी असायचंच. लुआर नदीकाठच्या एका लहान गावात रेल्वेच्या तिकीट-कारकुनाच्या घरी ती जन्मली. ल्यों शहरातल्या एका दैनिकात मुद्रितशोधक म्हणून लागली आणि पुढे अकरा वर्षं तिथेच तिने मृत्युलेख लिहिले. मोठ्या माणसांचे मृत्युलेख वरचे लोक लिहीत. तिच्याकडे उरलेले येत. गावचा बँडमास्तर, पुलाचा चौकीदार, दोन पिढ्यांना अक्षर शिकवलेली मास्तरीण. संध्याकाळी सहाच्या आत वीस ओळी, आणि वीस ओळींत एकही चूक नको, कारण दुसऱ्या दिवशी घरचे लोक तो कागद कापून ठेवत. या वीस-वीस ओळींनीच तिला पुढचं काम दिलं. एकोणचाळिसाव्या वर्षी निबंधांचं पहिलं पुस्तक आलं. मग चरित्रं, सगळी आडोशाच्या माणसांची: रंगमंचाच्या कडेला बसून नटांना विसरलेली ओळ सांगणारी बाई, नकाशांच्या नकला करणारा कारकून, दीपगृहावरचा स्वयंपाकी. तिसऱ्या पुस्तकाला मोठा पुरस्कार मिळाला. पाठोपाठ एका निवड समितीवर बोलावणं आलं. तिथे पुस्तक पुरतं न वाचता मत देतात असं लक्षात आल्यावर दुसऱ्या वर्षी तिने राजीनामा दिला. स्वतःबद्दल तिने एक ओळ लिहिली नाही. मुलाखतीला आलेल्यांना ती सांगे की जन्मतारीख बरोबर छापलेली आहे, तेवढी पुरे.

तिच्या पुस्तकांना आणखी एक सवय होती. नवी आवृत्ती निघाली की शेवटी एक पान असे. वर 'चुका' असा मथळा, खाली आधीच्या आवृत्तीतली एकेक चूक आणि ती दाखवणाऱ्याचं नाव. तिरुमलरावांना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ते म्हणाले होते, आमच्या रेल्वेत असं पान काढलं असतं तर त्याला वेगळा डबा जोडावा लागला असता.

म्हैसूरला ती आली ल्युसियाँ कार्पेलच्या मागावर. हा कार्पेल पियानो सुरात लावणारा. पाँडिचेरीला बोटीतून उतरला, चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करत करत म्हैसूरला आला आणि इथेच राहिला. शाळा, क्लब, जुनी घरं, जिथे पियानो असेल तिथे तो जाई. एकाहत्तर साली वारला. मागे उरल्या अकरा वह्या, एका ट्रंकेत. वहीत रोजची एकच ओळ: तारीख, जागा, वाद्य, आणि बरोबर कोण होतं.

एकोणसाठच्या जानेवारीपासून त्या ओळींच्या शेवटी 'पावनी सोबत' असं येऊ लागतं. तीन वर्षं, दोनशे चौदा वेळा. चौदा मे बासष्टनंतर ते नाव नाही. पुढचे तीन महिने नुसतंच 'एकटा'. या तीन महिन्यांत तीन ओळी अशा, ज्यांत वाद्यच नाही: 'बेळगोळ. कुणी नाही.' बेळगोळ या म्हैसूरजवळच्या खेड्यात तेव्हा पियानो असण्याचं कारणच नव्हतं. आणि वीस ऑगस्टपासून शेवटच्या वहीपर्यंत: 'सुमित्रा सोबत.'

ओदिलचं सातवं प्रकरण त्या नाहीशा झालेल्या मुलीचं होतं. तीन हिवाळे दोघींनी तिला शोधलं. शाळांचे हजेरीपट पाहिले, दवाखान्याची मृत्यूची रजिस्टरं पाहिली, बेळगोळच्या जुन्या आळीत दारोदार फिरल्या, कन्नड पेपरात छोटी जाहिरात दिली. काहीच हाती लागलं नाही, आणि हाती न लागण्याचीच ती चौदा पानं झाली. पुस्तक सतरा साली निघालं. या प्रकरणातली पानं ओदिलच्या देशात शाळेच्या पुस्तकांत गेली. आपल्याही घरातून अशीच कुणी आत्या, कुणी मावशी पुसली गेली, अशी पत्रं तिला अजून येत.

सुमित्रा मात्र सापडली होती. तेरा साली विशालाक्षी एकटीच तिच्या घरी गेली होती. ओदिलला त्या दिवशी ताप होता. सुमित्राबाई तेव्हा एकोणसत्तर वर्षांच्या. जुन्या म्हैसूर फौजेतल्या मराठ्यांचं घर. यजमान खंडोजीराव समोर खुर्चीत बसलेले, मुलगा-सून येत-जात. कार्पेलसाहेबांबद्दल बाईंनी बरंच सांगितलं. मग विशालाक्षीने विचारलं, तुमच्या आधी पावनी नावाची एक मुलगी साहेबांबरोबर जायची, तिचं काही आठवतं का. सुमित्राबाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. होती, माझ्या आधी, म्हणाल्या, आणि कॉफी बघायला आत गेल्या. विशालाक्षीने टिपणात लिहिलं: माहीत होती, पुढचं सांगता येत नाही. आपल्या आधीच्या मुलीबद्दल बाईंना फारसं प्रेम नसावं, असं तिला वाटलं, आणि तसंही तिने लिहिलं.

आठ दिवसांपूर्वी सुमित्राबाईंच्या नातीचं लग्न झालं. नात सहना, सॉफ्टवेअरमधली. लक्ष्मीपूजनाच्या वेळी पुरोहितांनी तांदळाचं ताट पुढे केलं, नव्या नवरीचं नवं नाव लिहायला. सहनाने ताटाला हात लावून ते हळूच बाजूला सारलं आणि हसत म्हणाली की माझं आहे ते बरं आहे. हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली. नवरा मुलगा म्हणाला, परवागिल्ला, राहू दे. विशालाक्षीच्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सुमित्राबाई तेव्हा, कुणाकडेही न बघता, बोलल्या.

"बरं केलं पोरीनं. मला कुणी विचारलं सुद्धा नव्हतं. पावनीची सुमित्रा झाले ती बसल्या पाटावर."

विशालाक्षीच्या हातातली कॉफी निवून गेली. तिने खालच्या आवाजात विचारलं, तेव्हा का नाही बोललात. सुमित्राबाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. यजमानांसमोर माहेरचं नाव काय घ्यायचं, त्या म्हणाल्या; आणि तुम्ही तर आपल्या भाषेच्या. तुम्हाला कळलं असेल असंच धरून चालले मी.

हे सगळं विशालाक्षीने आता क्रमाने सांगितलं. ओदिलने तीन प्रश्न विचारले: लग्नाची तारीख, बाईंचे नेमके शब्द, आणि ते आणखी कुणी ऐकले का. उत्तरं वहीत लिहून घेतली. मग वही मिटली.

"तुमच्यात लग्नात नाव बदलतात, हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही," विशालाक्षी म्हणाली. "आणि मला सांगायचं सुचलं नाही. म्हणजे, सांगण्यासारखं काही आहे, असंच वाटलं नाही कधी."

"तुमचंही बदललं होतं?"

"हो."

"काय होतं?"

उत्तर साधं होतं, पण ते तोंडाशी यायला वेळ लागला.

"वाणी."

स्वयंपाकघराच्या दारात तिरुमलराव पुढे सरकले. इतका वेळ चाललेल्या परक्या बोलण्यात त्यांना तो एकच शब्द कळला होता. एक्केचाळीस वर्षांत तो या घरात कुणी उच्चारला नव्हता. त्यांच्या आईने विशालाक्षी हे नाव निवडलं त्या दिवसापासून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"काय झालं गं?"

"काही नाही. सुम्ने, उगीच बोलतोय."

ते गेले नाहीत. तिथेच उंबऱ्यापाशी स्टूल ओढून बसले.

ओदिलने चौदा पानं जुळवून त्यांची टोकं मांडीवर आपटून सारखी केली. मग हे प्रकरण जाणार, ती म्हणाली; घरातले तांदूळ संपल्याचं सांगावं तशा आवाजात. नव्या आवृत्तीची पानं पाच दिवसांत छापखान्याला हवी होती. त्र्याहत्तरावं वर्ष, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. ही आवृत्ती आपल्या हातची शेवटची, असं तिने आल्या दिवशीच सांगितलं होतं. आणि तिचं सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं प्रकरण विशालाक्षीच्या एका टिपणावर उभं होतं.

विशालाक्षीने माफी मागितली. नीट, उभं राहून मागितली.

"माफी कुठे छापायची?" ओदिल म्हणाली. "चुकांच्या पानावर नाव छापतात. तुमचं येईल, चूक दाखवणाऱ्या म्हणून."

"करणारी म्हणूनही यायला हवं."

"करणारीचं नाव मुखपृष्ठावर आहे. बसा."

विशालाक्षी बसली. शाळेतून निवृत्त झाली त्या वर्षी, आता आपल्या फ्रेंचचा उपयोग डाळीच्या पाकिटांवरचा मजकूर वाचण्यापुरता, असं ती चारचौघांत हसून म्हणायची. त्याच वर्षी ही बाई पत्ता विचारत दारात उभी राहिली होती. तेव्हापासून दर हिवाळ्यात वरची खोली तिची. एका तारखेसाठी चार दिवस घालवायचे असतात, माहीत नाही हे उत्तर लिहिता येतं, बोलणाऱ्याच्या गप्प बसण्याचीही वेळ टिपून ठेवायची, हे विशालाक्षी साठीत शिकली होती. आणि नेमकी सुमित्राबाई गप्प बसल्या ती वेळ तिने टिपली नव्हती.

ओदिलने पानं एकदा पुन्हा चाळली. मग म्हणाली की आणखी एक चूक आहे, आणि ती नियमाची आहे. ज्या माणसाचं प्रकरण, त्याला ते वाचून दाखवायचं. नववं प्रकरण सुमित्राबाईंचं होतं, ते त्यांना वाचून दाखवलं होतं. साहेबांच्या सायकलचा रंग त्यांनी दुरुस्त केला होता. सातवं कुणालाच दाखवलं नाही. ते कुणाचंच नव्हतं.

"आता एक माणूस आहे," ती म्हणाली. "काढून टाकण्याआधी त्यांना ऐकवलं पाहिजे."

विशालाक्षीने तिथूनच सहनाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी रिक्षाने मेटगळ्ळीला गेल्या. कारखान्यांच्या मागच्या बाजूच्या गल्लीत सुमित्राबाईंच्या मुलाचं घर. मुलगा-सून कामाला गेलेली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली सहना घरात होती. हाताची मेंदी अजून फिकटली नव्हती. तिने खुर्च्या मांडल्या, आजीचा पदर सारखा केला आणि ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली.

सुमित्राबाई एक्क्याऐंशीच्या. अंग आटलेलं, पण बसण्यात ताठपणा होता. हात वर करण्याचा नियम त्यांना आठवत होता. साहेबांची गोष्ट अजून संपली नाही का, असं त्यांनी हसून विचारलं. ओदिल एक परिच्छेद फ्रेंचमध्ये वाचे, मग विशालाक्षी तो मराठीत सांगे. फ्रेंच चालू असतानाही सुमित्राबाई लक्ष देऊन ऐकत. शब्दांकडे नाही, आवाजाकडे.

पहिला हात दुसऱ्याच पानावर वर झाला. वाक्य असं होतं की ती मुलगी बहुधा हत्यारांची पेटी आणि दिवा धरायला बरोबर असावी.

"पेटी साहेब स्वतः उचलायचे," सुमित्राबाई म्हणाल्या. "मला हातही लावू द्यायचे नाहीत. मी ऐकायला जायची."

काय ऐकायला, ओदिलने विचारलं. सुमित्राबाईंनी सावकाश सांगितलं. साहेबांना वरचे सूर ऐकू येईनासे झाले होते. पियानोत एकेका सुराला दोन-दोन, तीन-तीन तारा असतात. त्या एकमेकींशी जुळल्या नसल्या की आवाज लाटेसारखा हलतो. साहेब किल्ली फिरवायचे, ही डोळे मिटून उभी राहायची, आणि लाट थांबली की म्हणायची, झालं. चर्चच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभी असताना साहेबांनी हिला हेरलं होतं. बाजाची पेटी बेसूर झालीय हे हिने शाळेतल्या बाईंना सांगितलं म्हणून. कुणाला कळू द्यायचं नव्हतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला पियानोजवळ कोण जाऊ देणार.

"किती वर्षं?" ओदिलने विचारलं.

"साहेब गेले तोवर. बारा झाली असतील."

ओदिलची पेन्सिल थांबली. तिच्या पुस्तकात पेटी धरणाऱ्या दोन मुली होत्या, एक तीन वर्षं बरोबर असलेली, एक नऊ वर्षं, दोघीही कडेला. शेवटची बारा वर्षं त्या शहरातला प्रत्येक पियानो एकाच कानाने लावला होता, आणि तो कार्पेलचा नव्हता. तिने ते वहीत लिहिलं नाही.

दुसरा हात बेळगोळच्या ओळीवर वर झाला.

"'कुणी नाही' असं लिहिलं त्यांनी?" सुमित्राबाईंनी विचारलं. "बरोबरच आहे म्हणा. सासूबाई तेच सांगायच्या."

सासर तेव्हा बेळगोळला होतं. लग्नानंतर कामाला पाठवायचं नाही, असं घरात ठरलं होतं. साहेब सायकलवरून यायचे, दारात उभे राहून विचारायचे, पावनी आहे का. सासूबाई म्हणायच्या, पावनी नावाचं इथे कुणी नाही. ही आत दाराआड उभी असायची. तीन वेळा ते तसेच परत गेले. चौथ्या वेळी पायरीवर बसून राहिले. उन्हातान्हाचा म्हातारा गोरा माणूस पायरीवर बसलेला बघून गल्ली जमली. शेवटी सासरे बाहेर आले.

"साहेबांनी विचारलं, मग इथे कोण आहे. मामंजी म्हणाले, सुमित्रा आहे. साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, मग सुमित्राला पाठवा." सुमित्राबाई हसल्या. "मामंजींना काही बोलताच आलं नाही बघा. सोमवारपासून गेले मी. वाटेत साहेबांनी एकदाच विचारलं, काय लिहू वहीत. मी म्हटलं, घरी सांगितलंय तेच लिहा."

त्यानंतर हात वर झाला नाही. शोधाची पानं सुरू झाली होती. हजेरीपट, आणि त्यांतल्या पाणी लागून पुसलेल्या ओळी. दवाखान्याच्या तळघरातली रजिस्टरं. दोघींनी तोंडाला रुमाल बांधून तीन दिवस पाहिलेली. स्मशानाची नोंदवही. पेपरातली जाहिरात: पावनी, वय आता सुमारे सत्तर, एकेकाळी पियानोवाल्या साहेबांबरोबर काम, माहिती असल्यास कळवावे.

"अज्जी, पेपरात आलं होतं तुझं नाव," सहना म्हणाली. "हरवलेल्यांत."

"मला कुणी वाचून दाखवलं?" सुमित्राबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर विनोदाचा होता, पण हात मांडीवर एकमेकांत अडकले होते. "अक्का, पुढे चालू दे."

शेवटचं पान झालं. त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं की पावनीचं काय झालं हे विचारणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी विचारत राहिले. विशालाक्षीने ते सांगितलं, आणि पाठोपाठ ओदिलच्या वतीने बाकीचंही सांगितलं. हे सगळं चुकीच्या समजुतीवर लिहिलं गेलं. त्याबद्दल त्यांना वाईट वाटतं. हे प्रकरण आता पुस्तकातून काढून टाकणार, तुमची हरकत नसेल तर त्या जागी तुमची खरी हकिगत येईल. चूक मुळात माझी होती, हेही तिने आपल्या मनाचं जोडलं.

सुमित्राबाई काही वेळ गप्प होत्या. विशालाक्षीची नजर आपोआप भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली: अकरा वाजून दहा मिनिटं.

"काढू नका," त्या म्हणाल्या.

विशालाक्षीने सांगितलं की छापलेलं खोटं तसंच ठेवणं ओदिलबाईंना जमणार नाही. सुमित्राबाईंनी मान हलवली. त्यांना ते कळत होतं. त्या बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता, सहनाला पुढे सरकून ऐकावं लागलं.

"लग्नानंतर महिन्यानं माझा बाप मला बघायला आला. दारात उभा राहून म्हणाला, सुमित्रा आहे का घरात. बापाची काय चूक. रीतच ती. आई आली तीही तसंच. मालक चांगले होते, सगळे चांगले होते, कुणी कधी वाकडं बोललं नाही. पण ती पोरगी कुठे गेली असं कुणी विचारलं नाही, बघा. मी पण नाही." त्यांनी ओदिलकडे बोट केलं. "आणि ही बाई समुद्रापलीकडून येऊन तीन वर्षं तिच्यामागं फिरली. दवाखान्यात फिरली, मसणात फिरली. मी काय देणार तिला? ती चुकली ते लिहू दे. शोधलं ते काढू नका म्हणावं."

विशालाक्षीने भाषांतर केलं. एकेका वाक्याला थांबत केलं. 'मी पण नाही' याच्यापाशी ती अडली. शब्द फ्रेंचमध्ये अवघड नव्हते. ओदिलने वाट पाहिली.

मग तिने शेवटचं पान मांडीवर घेतलं, शेवटच्या वाक्यावर पेन्सिलीने एक सरळ रेघ ओढली आणि त्याखालची कोरी जागा बोटांनी मोजली. बाकीची पानं तिने खाली ठेवली नाहीत.

"सांगा त्यांना," ती म्हणाली. "वाक्य खोटं होतं, ते जाईल. शोध झाला होता, तो राहील. त्याच्यापुढे यांनी आज सांगितलं ते येईल, पायरीपासून. आणि कान." ती थांबली. "आभार मानतात तेव्हा तुमच्यात काय म्हणतात?"

"आम्ही म्हणत नाही फारसं," विशालाक्षी म्हणाली.

ओदिल उठली, सुमित्राबाईंसमोर आली आणि तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. दोघींनाही पुढे काय करायचं ते न कळून त्या तशाच राहिल्या. सहना कॉफी आणायला आत गेली.

कॉफी झाली. ओदिल पानं पिशवीत घालायला लागली तशी सुमित्राबाईंनी हात वर केला. वाचन तर संपलं होतं. विशालाक्षीला वाटलं काही तरी राहिलं, एखादी तारीख, एखादा रंग.

"चुकलं नाही काही," सुमित्राबाई म्हणाल्या. "ते दारं ठोठावत फिरल्याचं एकदा परत वाचता का? त्यांना बसू दे. तुम्हीच वाचा, आपल्या भाषेत."

विशालाक्षीने पान शोधलं. हे तिचंच फिरणं होतं; ओदिल मागे वही घेऊन उभी असायची. तिने वाचायला घेतलं. बेळगोळची जुनी आळी, दुपारची वेळ, बंद दारं. एकेका दाराशी थांबायचं, कडी वाजवायची, आतून पावलं आली की एवढा एकच शब्द विचारायचा.

"पावनी?" विशालाक्षीने वाचलं.

"ओ," सुमित्राबाई म्हणाल्या.

त्यांनी ते हळू म्हटलं, मान खाली घालून, मांडीवरच्या पदराची घडी नीट करत. आत सहनाच्या हातातल्या पेल्यांचा आवाज थांबला. ओदिलने पेन्सिल उचलली आणि फ्रेंचमध्ये विचारलं की बाई आता काय म्हणाल्या.

विशालाक्षीने पुढची ओळ वाचायला घेतली.